शिशुवर्गाचा सर्वनामविचार

शिशुवर्ग नेमके कशाला म्हणावे, याविषयी पेण आणि रोहे या दोन तालुक्यांत एकमत नाही आणि ते होण्याची चिन्हेही नाहीत. शाळेच्या फलकावर त्याला ‘पूर्व-प्राथमिक विभाग’ असे भारदस्त नाव असते, फीच्या पावतीवर ‘ज्यु. केजी’ असते, घरातली आजी त्याला अजूनही ‘बालवाडी’ म्हणते, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चाललेला असतो तो साडेतीन वर्षांचा इसम त्याला ‘मला नाय जायचं’ या एकाच नावाने ओळखतो. मूळ नाव जर्मन असून त्याचा जनक फ्रीडरिक फ्रोबेल हा शिक्षणतज्ज्ञ होय. त्याने १८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी शाळा काढली आणि १८४० साली तिला ‘किंडरगार्टन’, म्हणजे बालकांची बाग, असे नाव दिले. मूल हे रोपटे, शिक्षिका ही माळीण आणि शिक्षण म्हणजे मशागत, अशी ही मोठी गोड कल्पना आहे. मात्र ती ज्या देशात सुचली तिथे पाऊस बेताने पडतो. रायगड जिल्ह्याच्या या भागात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस होतो, तो बहुतांशी चार महिन्यांतच उरकतो आणि शाळा नेमकी जूनच्या मध्यावर उघडते. त्यामुळे बाग उघडण्याचा आणि बागेचा चिखल होण्याचा मुहूर्त इथे एकच असतो.

या बागेचे अंगण केले ते ताराबाई मोडक यांनी. १९४५ साली बोर्डी येथे आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने त्यांनी जे काम केले, त्यामागचा विचार असा होता की, मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे. ‘अंगणवाडी’ हा शब्द त्यातूनच रूढ झाला, आणि २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाल्यावर तो देशभर गेला. आज पेण-रोह्यात या विद्येची दोन पीठे शेजारी-शेजारी नांदतात. एक खाजगी शाळेचा शिशुवर्ग, जिथल्या अधिष्ठात्रीला ‘टीचर’ म्हणतात, आणि दुसरी गावोगावची अंगणवाडी, जिथे तिला कागदोपत्री ‘सेविका’ आणि प्रत्यक्षात ‘बाई’ किंवा ‘ताई’ म्हणतात. पगाराला पहिल्या ठिकाणी पगार म्हणतात आणि तो सांगण्यासारखा नसतो. दुसऱ्या ठिकाणी त्याला ‘मानधन’ म्हणतात, ज्यातील ‘मान’ हा भाग वेळेवर मिळतो.

शालेय वर्षाचा पहिला पंधरवडा हा रडण्याच्या अभ्यासासाठी सर्वोत्तम मानावा लागेल. त्याचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिले प्रस्थान-रुदन, जे फाटकापाशी सुरू होते, आईच्या ओढणीचे टोक मुठीत असेपर्यंत वाढत जाते आणि आई दिसेनाशी झाल्यावर सरासरी तीन मिनिटांत थांबते. हे तीन मिनिटांचे गणित प्रत्येक शिक्षिकेला ठाऊक असते, पण एकाही आईला ते पटत नाही, कारण ती खिडकीबाहेर उभी राहून ‘रडू नको हं बाळा’ असे सांगत असते आणि घड्याळ पुन्हा शून्यावर आणत असते. दुसरे संसर्ग-रुदन. यात मुलाला स्वतःचे असे काही दुःख नसते. शेजारचा रडतो आहे, तेव्हा काहीतरी कारण असणारच, अशा विश्वासाने ते सामील होते. तिसरे आणि सर्वांत गहन ते स्मरण-रुदन. डबा खाऊन झालेला, गाणे म्हणून झालेले, मूल ठोकळ्यांचा मनोरा रचण्यात दंग, आणि अकराच्या सुमारास त्याला एकाएकी आठवते की, सकाळी आपण रडत होतो आणि ते काम अर्धवट राहिले आहे. हातातला ठोकळा शांतपणे खाली ठेवून ते जिथे सोडले होते तिथून पुढे रडू लागते. अनुभवी शिक्षिका पहिल्या दोन प्रकारांत हस्तक्षेप करते. तिसऱ्यापुढे मात्र तीही हात टेकते आणि पाण्याची बाटली पुढे करते.

रडण्याहून अवघड प्रकरण रेनकोटचे आहे, आणि बालशिक्षणावरील ग्रंथांत त्याचा उल्लेख जवळजवळ नसावा याचे आश्चर्य वाटते. तीस मुले भिजत येतात, तेव्हा तीस रेनकोट काढावे लागतात. रेनकोट हे वस्त्र घालताना वरून खाली येते आणि काढताना मात्र मुलाच्या कानांवर, हनुवटीवर व दप्तराच्या पट्ट्यावर अडून बसते, कारण घाईच्या वेळी दप्तर आतून पाठीला आणि रेनकोट त्यावरून, अशी घरी कासवासारखी बांधणी झालेली असते. टोपी डोळ्यांवर आल्यामुळे आतल्या व्यक्तीची ओळख पटत नाही आणि विचारले तर आतून ‘मी’ एवढेच उत्तर येते. रेनकोटांपैकी निम्मे निळे आणि निम्मे गुलाबी असतात. पेठेतल्या दुकानदाराने यंदा तोच माल भरलेला असतो. त्यामुळे कॉलरच्या आतल्या बाजूला बॉलपेनने नाव लिहून पाठवावे, अशी सूचना ग्रुपवर जाते. पालक नाव लिहितात. पहिल्या आठवड्याच्या पावसात ते धुऊन जाते. आणि त्यानंतर सुटण्याच्या वेळी एक निळा रेनकोट वर धरून शिक्षिका ‘हा कोणाचा?’ असे विचारते, तेव्हा पंधरा हात वर होतात आणि पंधरा आवाजांत एकच शब्द ऐकू येतो: ‘माझा!’

इथे या व्यवसायाचा गाभा लागतो. शिशुवर्ग हा वरवर पाहता अक्षरे, अंक आणि बडबडगीते यांचा वर्ग असला, तरी खोलात गेल्यास तो सर्वनामांचा वर्ग आहे. सर्वनाम म्हणजे नामाच्या जागी येणारा शब्द, एवढे व्याकरणाच्या पुस्तकात सांगितलेले असते. पण साडेतीन वर्षांच्या वयात एकच सर्वनाम अस्तित्वात असते आणि तेही षष्ठीत. खडू माझा, खुर्ची माझी, खिडकीजवळची जागा माझी, टीचर माझी. उलट बाजूला शिक्षिकेच्या बोलण्यातून प्रथमपुरुषी एकवचन हळूहळू नाहीसे होत जाते. नोकरी लागल्यापासून दुसऱ्या आठवड्यात ती ‘मी रागावेन’ असे न म्हणता ‘टीचर रागावतील हं’ असे म्हणू लागते, जणू टीचर ही शेजारच्या खोलीत बसलेली कुणी तिसरीच बाई असून तिच्या स्वभावाची खात्री देता येत नाही. ‘टीचरला असं आवडत नाही’, ‘टीचरचं डोकं दुखतं ना’, ‘टीचर आता कुणाशी बोलणार नाहीत’ ही सारी वाक्ये स्वतः टीचरच बोलत असते. थोर पुरुषांनी आयुष्यभर साधना करून ‘मी’ घालवल्याची उदाहरणे आहेत. शिशुवर्गाच्या शिक्षिकेला तेच फळ सहामाही परीक्षेच्या आत मिळते, फक्त त्याची कुणी दखल घेत नाही.

रिकाम्या झालेल्या जागेवर ‘आपण’ येतो. मराठीतील हे सर्वनाम मोठे कावेबाज आहे, कारण ते बोलणारा आणि ऐकणारा या दोघांना एकाच दोरीत बांधते आणि प्रत्यक्ष काम मात्र कुणी करायचे ते मोघम ठेवते. ‘आपण भिंतीवर रेघोट्या मारतो का?’ या प्रश्नात शिक्षिकेवरही संशय घेतलेला असतो. ‘आपण शेंबूड पुसू या’ या वाक्यात एकाचे नाक आणि दुसऱ्याचा रुमाल असतो. ‘आपण चावायचं नाही’ हा नियम वर्गातल्या सर्वांना लागू असून शिक्षिकेने तो आजवर पाळलेला आहे. या प्रयोगाची सवय इतकी जडते की, संध्याकाळी बाजारात भाजीवाल्याला ‘आपण वांगी नीट निवडून घालू या हं’ असे सांगितले जाते आणि तो गोंधळून स्वतःही वांगी निवडू लागतो. घरी नवऱ्याला ‘आपण हात धुतले का?’ असे विचारले गेल्यास, त्याने निमूट उठून हात धुवावेत, हे पेणच्या अनेक घरांत सामंजस्याने ठरलेले आहे.

भाषेचा आणखी एक पदर इथे उलगडला पाहिजे. पेणच्या खाडीकाठाला खारेपाट म्हणतात. खारे पाणी बांध घालून अडवलेली भातशेती आणि मिठागरे यांचा हा पट्टा आगरी समाजाचा, आणि इथली मुले वर्गात येतात ती आगरी बोली घेऊन. जॉर्ज ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाच्या मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडात, १९०५ साली, कुलाबा जिल्ह्यातल्या आगरीची स्वतंत्र नोंद घेतली आहे. रायगड जिल्ह्याचे १९८१ पर्यंतचे नाव कुलाबा होते. या बोलीत ‘ळ’चा ‘ल’ आणि ‘ड’चा पुष्कळदा ‘र’ होतो, म्हणून गाडी ही ‘गारी’ असते आणि घोडा ‘घोरा’. तक्त्यावर ‘ळ’ येतो तो बिचारा शब्दाच्या आरंभी येऊच शकत नसल्याने ‘बाळातला ळ’ म्हणून येतो. शिक्षिका जीभ वर वळवून, तोंड मोठे उघडून, आत बोट दाखवून ‘बाळ’ असे म्हणते आणि तीस मुले आनंदाने ‘बाल!’ असे ओरडतात. पुन्हा ‘बाळ’, पुन्हा ‘बाल’. तात्त्विकदृष्ट्या पाहता मुलांची बाजू भक्कम आहे, कारण ‘बाल’ हा अस्सल संस्कृत शब्द असून बाहेर ‘बालवाडी’च्या पाटीवर तोच ठळक अक्षरांत लिहिलेला आहे. शिवाय शिक्षिका बहुधा त्याच खारेपाटातली असते. सकाळी नऊला ती ‘गाडी’ म्हणते, अकराला ‘गाडी’ म्हणण्यासाठी थोडा प्रयत्न करावा लागतो आणि साडेबाराला फाटकाशी रिक्षा वाजली की, तीच सर्वांत आधी म्हणते: ‘चला चला, गारी आली!’ प्रमाणभाषेचा तास तिथे संपतो.

सकाळी नऊ ही वेळ हल्लीची आहे. पूर्व-प्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असे राज्य सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवले, कारण मुलांची झोप पुरी होत नाही असे लक्षात आले होते. निर्णय स्तुत्य होता. मुले आता एक-दोन तास उशिरा झोपतात.

न्यायदान हे शिक्षिकेचे दुसरे मोठे खाते होय, आणि त्यातील दाव्यांची संख्या पाहता तालुक्याच्या न्यायालयांना विश्रांती मिळते ती याच वर्गांमुळे, असे मानण्यास जागा आहे. दाव्याचे स्वरूप ठरलेले असते: ‘टीचर, हा बघा ना!’ यात आरोपी आहे, न्यायाधीश आहे, पण गुन्हा नाही. तो नंतर आठवून सांगितला जातो. त्याने जीभ दाखवली, तिने माझ्या डब्याकडे बघितले, तो मला ‘तू माझा मित्र नाहीस’ म्हणाला, आणि एका गाजलेल्या प्रकारात, ‘टीचर, तो माझ्या स्वप्नात येऊन मला मारतो.’ या शेवटच्या दाव्यात आरोपीने तत्काळ ‘सॉरी’ म्हटल्याचीही उदाहरणे आहेत. शिक्षा दोनच: ‘सॉरी म्हण’ आणि ‘शेकहॅन्ड करा’. त्या भोगून झाल्यावर वादी-प्रतिवादी लगेच एकमेकांच्या गळ्यात हात टाकून मैदानावर जातात आणि निकालपत्राचा विचार करीत न्यायाधीश एकटी मागे उरते. उधारीचे दावे वेगळे. रबर देणे, रबर परत न करणे आणि रबराऐवजी अर्धे बिस्कीट देऊन तडजोड करणे हा व्यवहार रोह्याच्या वर्गांत अधिक सफाईने होतो, असा एक समज आहे. त्याला आधार एवढाच की, १९४३ साली रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख रोह्याचे म्हणून ओळखले जातात.

करंगळीचाही उल्लेख टाळता येणार नाही. हाताची करंगळी वर करणे म्हणजे लघुशंकेची परवानगी मागणे, ही खूण मराठी शाळांत सार्वत्रिक आहे. शिशुवर्गात मात्र ती मागणी न राहता साथ होते: एक करंगळी वर होते, आणि तिच्याकडे पाहून आपल्यालाही लागली असावी अशी शंका अकरा जणांना येते. मग एकामागे एक, पुढच्याचा शर्ट धरून आगगाडी करावी लागते. रोहे स्थानकात मध्य रेल्वेची हद्द संपते आणि कोकण रेल्वेची सुरू होते. त्याच न्यायाने या गाडीची टीचरची हद्द मोरीच्या दारापाशी संपते आणि तिथून पुढे मावशींची सुरू होते. मावशी म्हणजे मदतनीस. तिच्या हद्दीत काय चालते याविषयी शिक्षणशास्त्र मौन पाळते, पण ती एक दिवस रजेवर गेली तर संस्थेचा डोलारा कशावर उभा होता ते सर्वांना कळते. मुख्याध्यापक रजेवर असल्याचे चार दिवसांनी लक्षात येते.

श्रावण लागला की पेणच्या वर्गात ‘मातीकाम’ हा उपक्रम येतो, आणि इथे जरा थांबणे भाग आहे, कारण असा प्रसंग जगातल्या फार थोड्या बालशाळांवर येत असेल. मातीकामाचा हेतू बोटांच्या लहान स्नायूंचा विकास हा आहे. पुढे पेन्सिल धरायची तर बोटांत आधी बळ यायला हवे, हे मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह उघडल्यापासून सर्वमान्य झाले आहे. मुलांनी मातीची गोळी करावी, मग गोळीचा साप करावा, असा क्रम असतो. परंतु पेण हे गणपतीच्या मूर्तींचे गाव. शहरात आणि हमरापूर, जोहे या जवळच्या गावांत घराघरांतून वर्षभर मूर्ती घडतात, परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर पावसाळ्याच्या आधीच घर सोडतात, आणि वर्गातील काही मुले रांगत होती तेव्हाच शाडूत रांगत होती. शाडू म्हणजे मूर्तीसाठी वापरली जाणारी चिकणी, पांढुरकी माती. अशा मुलाच्या हातात शिक्षिका बाजारातून आणलेल्या रंगीत प्लास्टिक मातीची कांडी ठेवते, तेव्हा ते आधी ती नाकाशी नेते, अंगठ्याने दाबून बघते आणि चेहऱ्यावर काहीही न दाखवता बाजूला ठेवते. मग खरी माती येते. ते पाणी मागते. इतके नको, असे सांगून अर्धे ओतून टाकते. इतर मुले साप करीत असताना त्याचा साप एका टोकाला जाड, दुसऱ्याला निमुळता होत जाऊन वळतो आणि शिक्षिकेला कळते की ही सोंड आहे. कौतुक करावे म्हणून ती स्वतःही एक गणपती करू लागते. मूल उभे राहून पाहते. ‘टीचर, पोट फाटंल,’ ते म्हणते, ‘वाळल्यावर.’ थोड्या वेळाने पोटाला तडा जातो. शिक्षिका विषय बदलून डोळे काढायला घेते, तेव्हा त्याच्या तोंडून निघते की, आखणी सगळ्यात शेवटी आणि ती बाबा करतात. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवणे. कारखान्यात ते काम सर्वांत कसलेल्या हाताकडे असते, कारण बाकी कुठेही कुंचला चुकला तर पुसता येतो, दृष्टी चुकली तर मूर्ती भलतीकडेच पाहू लागते. प्रगतिपुस्तकात या मुलाच्या नावापुढे ‘सूक्ष्म स्नायूंचा विकास: समाधानकारक’ असे लिहिले जाते. शिक्षिकेच्या विकासाचा रकाना पुस्तकात नसतो, ही संस्थेची कृपाच म्हणायची.

या दिवसांत कारखान्यांच्या घरांतली मुले गणवेशावर सोनेरी चुरा आणि कोपरांना पितांबरी पिवळा लावून येतात. गणपतीनंतर हजेरी पुन्हा भरते तोवर दसरा उजाडतो आणि रोह्यात धावीर महाराजांचा उत्सव येतो. ग्रामदैवताच्या पालखीला पोलिसांची सशस्त्र मानवंदना मिळते, हे रोहेकरांच्या अभिमानाचे ठिकाण. ती खांद्यावर बसून पाहिलेली मुले सुट्टीनंतर पुढचे आठ दिवस पायपुसण्यापासून पाण्याच्या पिंपापर्यंत दिसेल त्याला सॅल्यूट ठोकत असतात, आणि त्या काळात शिक्षिकेला वर्गात शिरताना जो मान मिळतो तो वर्षभर पुन्हा मिळत नाही.

अंगणवाडीच्या सेविकेचे दिवस याहून निराळे जातात, कारण मुलांखेरीज तिला मोबाइलही सांभाळावा लागतो. २०२१ पासून ‘पोषण ट्रॅकर’ नावाचे ॲप आले असून त्यात हजेरी, आहार, वजन आणि उंची यांची नोंद करायची असते. वजनाच्या काट्यावर मूल स्थिर उभे राहणे अपेक्षित आहे. प्रत्यक्षात ते सेविकेचा पदर धरून उभे राहते, त्यामुळे आकड्यात पदराचा किती आणि मुलाचा किती, हे ठरेपर्यंत पदर सोडवावा लागतो. पदर सोडवला की मूल काट्यावर बसते, आणि बसले की उंची मोजायची वेळ आलेली असते. नोंद झाली तरी ती पुढे जायला नेटवर्क लागते, आणि डोंगराकडच्या आदिवासी वाड्यांवर ते विशिष्ट झाडाखाली, विशिष्ट दगडावर उभे राहिल्यास मिळते. त्यामुळे दुपारी त्या दगडावर हात उंच करून उभी असलेली बाई दिसल्यास ती व्रतस्थ आहे असे न समजता, ती खिचडीचा आकडा दिल्लीला पाठवीत आहे असे समजावे. झाडाखाली शाळा नेण्याचे ताराबाईंचे स्वप्न अशा आडवळणानेही पुरे होते.

डिसेंबर-जानेवारीत स्नेहसंमेलन होते. कोळीनृत्य हा त्यातला अनिवार्य भाग. बावीस कोळी आणि कोळिणी, पुठ्ठ्याची होडी आणि टोपल्यांतले कागदी पापलेट. दोन महिने तालीम झालेली असते. पडदा उघडतो, गाणे सुरू होते, आणि बावीस जण प्रेक्षकांत आपली आई शोधू लागतात. अशा वेळी विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशात, उभी असलेली शिक्षिका साडीचा पदर खोचून संपूर्ण नृत्य एकटी, पूर्ण ताकदीने, हावभावांसह करते आणि मुले मान वळवून तिच्याकडे पाहत तिची नक्कल करतात. परिणामी प्रेक्षकांना सर्व कोळ्यांचा उजवा कान तेवढा दिसतो. त्या संध्याकाळचे सर्वोत्तम नृत्य विंगेत होते आणि ते पडदा ओढणाऱ्या शिपायाखेरीज कुणीच पाहत नाही. चित्रीकरण करणारे पालकही ते टिपत नाहीत. त्यांच्या चौकटीत एकच मूल असते, आणि ते होडीतला मासा तोंडात घालीत असते.

वर्षाच्या अखेरीस काही शाळांत ‘पदवीदान’ होऊ लागले आहे. मोठ्या गटातून पहिलीत जाणाऱ्या मुलांना काळा झगा, चौकोनी टोपी आणि गुंडाळीचे प्रमाणपत्र देतात. टोप्या एकाच मापाच्या येत असल्याने त्या नाकापर्यंत उतरतात आणि पदवीधर समोरचे काही न दिसता चाचपडत मंचावर चढतात. पदवीनंतर पुढे काय असते याची कल्पना त्यांना त्यामुळे वेळेआधीच येते. याच पेण तालुक्यातील गागोदे या गावी ११ सप्टेंबर १८९५ रोजी जन्मलेल्या विनोबा भावे यांनी ऐन विशीत आपली शाळेची प्रमाणपत्रे चुलीत घातली होती. समारंभाच्या भाषणांत विनोबांचा उल्लेख आदराने होतो. चुलीचा होत नाही.

एप्रिलच्या अखेरच्या दिवशी मुले जातात आणि कपाट आवरण्याचे काम राहते. वरच्या खणात उरलेले तक्ते, मधल्यात झाकणे नसलेल्या चार बाटल्या आणि बाटल्या नसलेली सात झाकणे, जी एकमेकांना बसत नाहीत. डाव्या पायाच्या दोन चपला. एक डबा, जो जानेवारीपासून कुणी उघडला नाही आणि आता उघडण्याचे धैर्य मावशींखेरीज कुणात नाही. त्यात पोपटीतल्या वालाच्या शेंगा होत्या असा अंदाज आहे. पोपटी म्हणजे थंडीत मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यावर शेंगा रचून शेतात जाळात भाजण्याचा प्रकार. कुणीतरी तो मित्राला दाखवायला आणला आणि मग दोघांची कट्टी झाली. तळाशी निळा रेनकोट घडी घालून ठेवलेला. त्याच्या कॉलरच्या आत बॉलपेनची एक पुसट निळी रेघ उरलेली असते. तिच्यावरून नाव लावण्याचा प्रयत्न शिक्षिका उजेडात धरून दोनदा करते आणि रेनकोट पुन्हा घडी घालून ठेवते.

जूनमध्ये नवा गट येतो. पहिल्याच मोठ्या पावसात एक मूल रेनकोट न आणता चिंब भिजून येते, सुटताना सर थांबत नाही, म्हणून कपाटातला निळा रेनकोट काढून त्याच्या अंगावर चढवला जातो. बाह्या हातांच्या पुढे लोंबतात, टोपी डोळ्यांवर उतरते. शिक्षिका खाली वाकून बटणे लावत म्हणते, ‘हा टीचरचा आहे हं. उद्या आपण परत आणायचा.’

आतून आवाज येतो, ‘माझा.’